पहिला पगार, पहिली खोली: गोव्यात कॉलेज संपल्यानंतरचं पहिलं वर्ष

नोकरी लागली तेव्हा मला सांगितलेला आकडा होता महिना २२,५०० रुपये. महिना भरला आणि खात्यात आले १८,४६०. वेर्ण्याच्या बसथांब्यावर उभी राहून मी तो मेसेज तीनदा वाचला आणि आईला फोन लावला, ‘काहीतरी चुकलंय गं.’ चुकलं काहीच नव्हतं. पगाराची चिठ्ठी कशी वाचायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी सत्तरी तालुक्यातली. पदवी घेऊन वेर्णा औद्योगिक वसाहतीत कामाला लागले. घरात खासगी नोकरी केलेलं कुणी नव्हतं, त्यामुळे पीएफ (भविष्य निर्वाह निधी), भाडेकरार, विमा यातलं काहीही विचारायला माणूस नव्हता. विचारत विचारत आणि दोन ठिकाणी पैसे घालवून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. तुमची नोकरी पणजीत असो, मडगावला असो की वास्कोला, क्रम साधारण हाच राहील.

१. आधी हे ठरवा: घर सोडायची गरज आहे का?

गोवा लहान आहे, म्हणून घरचे म्हणतात, ‘रोज येऊन-जाऊन कर.’ आणि आपल्याला वाटतं, आता स्वतंत्र राहायचंच. दोन्हीकडून भावनेने ठरवू नका, कागद-पेन घ्या. एका बाजूला महिन्याचं बसभाडं किंवा पेट्रोल, बाहेरचा चहा-नाश्ता आणि प्रवासात जाणारे तास. दुसऱ्या बाजूला भाडं, वीज, गॅस, जेवण आणि सुरुवातीला एकदम द्यावी लागणारी अनामत.

वाळपईहून वेर्ण्याला मला दोन बस बदलाव्या लागत. जाता-येता मिळून दिवसाचे जवळजवळ पाच तास. पहिले तीन महिने मी तेच केलं आणि ते तीन महिने वाया गेले नाहीत, कारण त्यात अनामत साठली. जमत असेल तर तुम्हीही नोकरीच्या पहिल्याच दिवशी खोली घेऊ नका. नोकरी आपल्याला झेपते का, वरिष्ठ कसे आहेत, पाळी रात्रीची लागते का, हे कळायला दोन-तीन महिने जातात. अकरा महिन्यांच्या करारात अडकून नोकरी सोडायची वेळ आली तर दोन्हीकडून तोटा.

कंपनीची बस कुठल्या मार्गाने जाते हे रुजू होतानाच विचारून घ्या. वेर्णा, कुंडई अशा वसाहतींतल्या बऱ्याच कंपन्यांच्या बस मडगाव, वास्को, पणजी, फोंड्याहून सुटतात. त्या मार्गावर खोली मिळाली तर प्रवासखर्च जवळजवळ संपतो. माझी खोली कंपनीपासून लांब पण बसथांब्यापासून तीन मिनिटांवर होती. वसाहतीला चिकटून मिळणाऱ्या महागड्या खोलीपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडली.

२. कागदपत्रं: रुजू व्हायच्या आधीच एका फायलीत

हे आजच काढून ठेवा:
– आधार, मोबाईल नंबर जोडलेलं
– पॅन, आधारशी जोडलेलं
– दहावी, बारावी आणि पदवीच्या गुणपत्रिका, मूळ आणि प्रत्येकी तीन झेरॉक्स
– बँक पासबुकाचं पहिलं पान आणि एक रद्द केलेला चेक
– पासपोर्ट आकाराचे दहा फोटो
– पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, मामलेदार कार्यालयातून
– रोजगार विनिमय केंद्राचं नोंदणी कार्ड
– जी मिळतील ती सगळी डिजीलॉकरमध्येही

रहिवासी दाखला आणि रोजगार केंद्राचं कार्ड खासगी नोकरीला लागत नाहीत. पण सरकारी जागांच्या जाहिराती येत राहतात आणि अर्ज करायला आठवडा-दोन आठवडेच मिळतात, तेव्हा धावपळ नको. सरकारी नोकरीसाठी प्रयत्न जरूर करा. मात्र ‘ती लागेपर्यंत’ म्हणून बचत, विमा, पीएफ सगळं लांबणीवर टाकणारे माझ्या वर्गातले चार-पाचजण आहेत. त्यांची चार वर्षं तशीच गेली, आणि ते बघून मला खरोखर वाईट वाटतं.

इथला मोठा खड्डा म्हणजे नाव. गुणपत्रिकेवर एक, आधारवर वडिलांच्या नावासकट दुसरं, पॅनवर तिसरं. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे असलं तरी पीएफचं खातं अडकतं. माझ्या आधारमध्ये वडिलांचं नाव होतं, पॅनमध्ये नव्हतं. ते सरळ करायला दोन महिने गेले. स्पेलिंगची चूक आधार केंद्रावर दुरुस्त होते. मात्र जन्मनोंदीतलंच नाव किंवा आडनाव बदलायचं असेल तर गोव्यात त्यासाठी १९९० चा वेगळा कायदा आहे आणि त्याला वेळ लागतो. म्हणून हे नोकरी लागायच्या आधी बघा.

३. पगाराची चिठ्ठी ओळीओळीने वाचा

कंपनी सांगते तो आकडा म्हणजे तिला तुमच्यावर होणारा एकूण खर्च. त्यात कंपनीने भरायचा पीएफ, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि बहुतेक वेळा पुढे कधीतरी मिळायची ग्रॅच्युइटीसुद्धा धरलेली असते. हातात येणारी रक्कम त्याहून कमी असते, आणि खोलीचं भाडं ठरवताना तीच धरायची.

माझ्या चिठ्ठीत मूळ वेतन ११,२५० होतं. त्याच्या १२ टक्के म्हणजे १,३५० माझ्या पगारातून पीएफला कापले जात आणि तेवढेच कंपनी भरे. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, उरलेले पीएफमध्ये. ईएसआय ज्यांचं वेतन महिना २१,००० पर्यंत आहे त्यांना लागू होतं. त्यासाठी आपले ०.७५ टक्के कापले जातात, कंपनी ३.२५ टक्के भरते. माझे दीडशे रुपये जात. त्या दीडशे रुपयांत काय मिळतं ते पुढे सांगते.

आता इशारा, आणि हा नीट वाचा. चिठ्ठीवर पीएफ कापलेला दिसतो म्हणजे तो भरला गेला असं नाही. माझ्याबरोबर खोलीत राहणारी मैत्रीण कंत्राटदारामार्फत कामाला होती. एका रविवारी दोघी मिळून बसलो, तिचा यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) चालू केला आणि पासबुक उघडलं. आठ महिन्यांची नोकरी आणि पासबुकात तीनच नोंदी. पाच महिन्यांचे पैसे तिच्या पगारातून कापले गेले होते, खात्यात पोहोचलेच नव्हते. तिने पगाराच्या चिठ्ठ्यांच्या प्रती लावून आधी मूळ कंपनीच्या एचआरला पत्र दिलं आणि मग पीएफच्या तक्रार पोर्टलवर तक्रार केली. कंत्राटदाराने भरले नाहीत तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही, म्हणून पत्र तिथे द्यायचं. तिचे पैसे आले, पण चिठ्ठ्या जपलेल्या होत्या म्हणून आले.

म्हणून दर महिन्याला चिठ्ठी डाउनलोड करून स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. कंपनीच्या पोर्टलवर ठेवलेल्या चिठ्ठ्या नोकरी सुटली की दिसत नाहीत. आधीच्या महिन्याचा पीएफ कंपनीने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. विसाव्या तारखेच्या सुमाराला पासबुक एकदा बघून घ्या, उमंग ॲपवर ते दिसतं.

४. खोली शोधणं

यावर सगळ्यांत जास्त लिहिणार आहे, कारण चुका इथेच जास्त होतात.

हंगाम बघून शोधा. कळंगुट, कांदोळी, हणजूण या किनारपट्टीत जून-जुलैत खोल्या फार स्वस्त दिसतात. भाडं ऐकून आनंद होतो. मग सप्टेंबर संपता संपता घरमालक सांगतो, ‘आता पर्यटक येतील, खोली रिकामी करा नाहीतर भाडं दुप्पट.’ हे माझ्या चुलतभावाच्या बाबतीत झालं, चवथीनंतर दोनच आठवड्यांनी. म्हणून किनाऱ्याजवळची खोली घेताना भाडं बारा महिने तेच राहणार का हे विचारा आणि उत्तर करारात लिहून घ्या. नोकरदारांना वर्षभर भाड्याने देणारे घरमालक पर्वरी, ताळगाव, सांताक्रुझ, फातोर्डा, नावेली, फोंडा अशा भागांत जास्त भेटतात.

पावसात एकदा बघा. मे महिन्यात सुंदर दिसणारी खोली जुलैत राहण्यासारखी असेलच असं नाही. भिंतीला खाली हात लावून ओल बघा, कपाटाच्या मागे वाकून बुरशीचा वास येतो का बघा. कौलारू असेल तर कुठल्या कोपऱ्यात बादली ठेवावी लागते ते शेजाऱ्यांना विचारा. शेजारी खरं सांगतात. आणि एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी किती वेळ येतं, विहीर आहे का, टँकर मागवावा लागला तर पैसे कुणी द्यायचे, हेही विचारा. खोली कशी दिसते त्याच्याइतकंच हे महत्त्वाचं आहे.

वीज. बिल मालकाच्याच नावावर येतं. काही मालक ‘युनिटमागे अमुक’ असा आपला दर सांगतात आणि तो वीज खात्याच्या दरापेक्षा बराच जास्त असतो. आधीच्या महिन्याचं बिल दाखवा म्हणावं, सभ्यपणे पण नक्की.

खोलीत पाऊल टाकल्या दिवशी मीटरचं रीडिंग घ्या. मला हे माझ्या घरमालकीणबाईंनीच शिकवलं. सामान आत ठेवलं आणि त्या मला हाताला धरून जिन्याखाली घेऊन गेल्या. टॉर्च मीटरवर धरला आणि म्हणाल्या, ‘बाये, मीटराचो फोटो काडून दवर.’ मग न्हाणीतला तुटलेला कडीकोयंडा, खिडकीची तडकलेली काच, कपाटाचं निखळलेलं बिजागर यांचेही फोटो त्यांनी मला काढायला लावले आणि सगळे त्यांच्या व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगितले. ‘उद्या तू जाशील तेव्हा तुझ्या-माझ्यात भांडण नको,’ असं त्यांचं म्हणणं. सगळेच मालक असे नसतात. म्हणून ते काम आपणच करायचं.

करार. बहुतेक ठिकाणी ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार होतो, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. करारात ह्या गोष्टी असायलाच हव्यात: भाडं आणि ते द्यायची तारीख, अनामत किती आणि खोली सोडल्यावर किती दिवसांत परत, दोन्ही बाजूंनी किती दिवसांची आगाऊ सूचना, रंगरंगोटी आणि दुरुस्ती कुणाच्या खर्चाने, वीज-पाण्याचं बिल कसं. ‘आपण घरचेच, कागद कशाला’ असं म्हणणारा माणूस मनाने चांगला असला तरीही कागद कराच. तुमच्या हातात एक सहीची प्रत हवी.

भाडेकरूची माहिती पोलिस स्टेशनला देणं गोव्यात सक्तीचं आहे. फॉर्म मालक भरतो, पण भरला की नाही ते आपण विचारायचं आणि त्याचीही प्रत घ्यायची. तुम्ही गोव्याबाहेरून, सावंतवाडीहून किंवा बेळगावहून येत असाल तर हे आणखी काटेकोरपणे करा. आणि अनामत किंवा भाडं रोख दिलं तर पावती. त्यापेक्षा बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिन्याचं नाव लिहा.

एकट्या मुलींसाठी एक गोष्ट. ‘पाहुणे चालणार नाहीत, दहाच्या आत यायचं’ असे नियम काही मालक घालतात. रात्रपाळी असेल तर ते आधीच स्पष्ट सांगा आणि कंपनीची बस कुठे सोडते ती जागा त्यांना दाखवा. लपवून नंतर कळलं तर खोली जाते. आणि न पाहिलेल्या खोलीसाठी ऑनलाइन टोकन कधीही देऊ नका. फोटो कुठल्याही खोलीचे पाठवता येतात.

५. महिन्याचा हिशेब

माझा पहिल्या वर्षाचा खरा हिशेब देते. हातात १८,४६०. दोघींत खोली, माझा वाटा ५,०००. जेवण ४,५००. वीज, पाणी, गॅस ७००. प्रवास ८००. फोन ३००. घरी ३,०००. बचत २,५००. उरलेले १,६६० हे कपडे, औषध, लग्नाचे आहेर, मैत्रिणींबरोबर एखादा सिनेमा.

बचत यादीत शेवटी दिसते, पण जायची पहिली. पगार जमा होतो त्याच दिवशी अडीच हजार दुसऱ्या बँकेतल्या खात्यात आपोआप जातील असं लावून ठेवा, आणि त्या खात्याचं यूपीआय फोनवर ठेवू नका. महिनाअखेर जे उरेल ते वाचवू म्हटलं तर काही उरत नाही. मी चार महिने करून पाहिलं.

जेवणात सर्वांत जास्त पैसे वाचतात. रोज दुपारी बाहेर फिशथाळी खाल्ली तर माझ्या हिशेबातले साडेचार हजार पंधरवड्यात संपतील. आम्ही दोघी रात्री उकड्या तांदळाची पेज किंवा शीत-कडी करायचो, सकाळी दारात पोदेराकडून पाव आणि आदल्या दिवशीची भाजी. नुस्तं, म्हणजे मासे, आठवड्यातून दोनदा, तेही बाजार उठता उठता घ्यायचं. गॅससाठी सुरुवातीला मोठ्या कनेक्शनच्या मागे लागू नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही.

आणि चवथीचा खर्च वर्षाच्या सुरुवातीपासून धरा. घरी जाणं, गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, बाजार, धाकट्यांसाठी काहीतरी. पगारदार म्हणून पहिली चवथ असते तेव्हा हात आखडता घेववत नाही, आणि घेऊही नये. त्यासाठी दर महिन्याला तीनशे रुपये वेगळे ठेवा.

६. पुरुमेत

आमच्या घरी मे महिन्यात आजी पुरुमेताच्या तयारीला लागायची. सुकं नुस्तं, सोलां, मिरच्या, फणसाचे पापड, सगळं डब्यांत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, पाऊस बाहेर पडू देत नाही, म्हणून ही बेगमी. नोकरीतही तशी बेगमी लागते, कारण पगार बंद होण्याचा हंगाम कुणी आधी सांगत नाही.

तीन महिन्यांचा खर्च हे पहिलं लक्ष्य. माझा खर्च घरी देण्याच्या पैशांसकट १४,३०० धरला तर साधारण ४३,०००. महिना अडीच हजारांनी त्याला सतरा-अठरा महिने लागतात. मला वीस लागले, मध्ये बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं म्हणून. लागू देत. तोपर्यंत शेअर, फंड, सोनं यांत काहीही घालू नका.

हे पैसे बँकेतल्या रिकरिंगमध्ये साठवा आणि मुदत भरली की फिक्स्डमध्ये टाका. गोव्यात घराजवळच्या पतसंस्थेत पैसे ठेवायची सवय आहे, संचालक ओळखीचे असतात, व्याज थोडं जास्त मिळतं. पण एक फरक लक्षात ठेवा: बँकेतल्या, सहकारी बँकेतल्यासुद्धा, ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही. अडचणीसाठीचे पैसे तिथे नकोत.

७. घरी किती द्यायचे

हा प्रश्न हिशेबापेक्षा अवघड आहे. आईबाबांनी शिकवलं, आता पगार त्यांच्या हातात द्यावा असं मनापासून वाटतं. मी पहिला अख्खा पगार आईच्या हातावर ठेवला. तिने देवापुढे ठेवला आणि दुसऱ्या दिवशी परत केला. पुढे दोन महिने मात्र ‘लागेल तेव्हा सांगा’ असं चाललं आणि त्यात माझाही हिशेब लागेना, त्यांनाही मागायचा संकोच. मग एका रविवारी आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो, मी त्यांना माझी पगाराची चिठ्ठी दाखवली आणि तीन हजार ठरवले. ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला. त्या दिवसापासून सगळ्यांनाच मोकळं वाटलं. तुम्हीही चिठ्ठी दाखवा. आकडा लपवला की घरच्यांना तो नेहमी मोठाच वाटतो.

शैक्षणिक कर्ज असेल तर त्याचा हप्ता घरच्या पैशांच्याही आधी. बँकेच्या कर्जात शिक्षण संपल्यावर सहसा वर्षभर सवलत असते, पण त्या काळात व्याज चढतच असतं, म्हणून जमेल तसं निदान व्याज भरत राहा. गोवा शिक्षण विकास महामंडळाचं बिनव्याजी कर्ज घेतलं असेल तर त्याचेही हप्ते वेळेवर भरा. आपण परत केलेल्या पैशातून पुढच्या मुलांना मिळतं.

८. आजारपण आणि विमा

ईएसआयचे दीडशे रुपये कापले जातात म्हणून नाराज होऊ नका. त्याचं कार्ड रुजू झाल्यावर लगेच काढून घ्या. मडगावला ईएसआयचं हॉस्पिटल आहे. उपचार तुम्हाला मिळतातच, तुमच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही अटी पूर्ण होत असतील तर मिळतात. फॉर्ममध्ये त्यांची नावं घालायला बरेचजण विसरतात.

गोव्यात पाच वर्षं राहणाऱ्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. कुटुंबात तीन किंवा कमी माणसं असतील तर वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत. घरचं कार्ड चालू आहे का, त्यात तुमचं नाव आहे का, मुदत संपली का, हे घरी गेल्यावर बघा. आमचं संपलेलं होतं आणि ते बाबांना गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, दाखल करताना कळलं.

बँकेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा जीवन विमा मिळतो, पंतप्रधान सुरक्षा विमा आणि जीवन ज्योती. दोन्ही घ्या. मे अखेरीला खात्यात तेवढे पैसे राहतील असं बघा.

पगार वाढून ईएसआयच्या मर्यादेबाहेर गेलात की स्वतःचा आरोग्य विमा घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि जीवन विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही. टर्म विमा, म्हणजे फक्त मृत्यू झाला तर घरच्यांना पैसे देणारा, तुमच्या कमाईवर कुणी अवलंबून असेल तरच. आणि नोकरी लागल्याचं कळताच ओळखीचे कुणीतरी पॉलिसी घेऊन येतात, ‘विमाही आणि पैसेही परत.’ त्यांना चहा द्या, पण सही त्या दिवशी करू नका. वर्षाला २४ हजार हप्त्याची तसली पॉलिसी मी मान राखायला म्हणून घेतली, दुसऱ्या वर्षी भरणं जमलं नाही आणि पहिल्या हप्त्यातलं काही हाती आलं नाही.

९. स्कूटर

गोव्यात दुचाकीशिवाय अडतं, हे खरं आहे. जुनी घेणार असाल तर आरसी बुक बारकाईने बघा. भाड्याने फिरणाऱ्या दुचाकींची नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी असतात. अशी गाडी नंतर खासगी करून विकलेली असू शकते आणि ती पर्यटकांच्या हाती फार झिजलेली असते. आरसीवर मालक कितवा, गाडी आधी कुठल्या वर्गात होती ते विचारा आणि ओळखीच्या मेकॅनिकला दाखवा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि विमा १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज करा.

१०. कार्ड, ॲप, फोन

क्रेडिट कार्ड वाईट नसतं. वेळेवर पूर्ण बिल भरलं तर तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्ज फेडण्याची पत, जो ३०० ते ९०० मध्ये मोजतात, चांगला होतो आणि पुढे गृहकर्जाला उपयोगी पडतो. पण ‘किमान रक्कम भरा’ ही ओळ विसरून जा. वीस हजारांचं बिल आहे, तुम्ही पाच टक्के म्हणजे हजार रुपये भरले, व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर सातशे, त्यावर जीएसटी १२६. म्हणजे हजारातले फक्त १७४ रुपये मूळ रकमेतून कमी झाले.

झटपट कर्ज देणारी ॲप फोनमधले संपर्क मागतात, त्यांना कधीच हात लावू नका. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कुणी टाकायला सांगितला की फोन ठेवा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० ला फोन करा. पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.

११. गुंतवणूक आणि कर

बेगमी पूर्ण झाल्यावरच. पीएफ तुमच्या नकळत साठतोच आहे. त्याच्या जोडीला पीपीएफ, म्हणजे स्वतः उघडायचं सरकारी भविष्य निर्वाह खातं, वर्षाला किमान ५००, कमाल दीड लाख, मुदत १५ वर्षं, व्याज सध्या ७.१ टक्के. आणि निफ्टी ५० वर, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअर निर्देशांकावर, आधारलेल्या एखाद्या साध्या इंडेक्स फंडात दर महिन्याला पाचशे-हजाराची एसआयपी, थेट योजनेत, म्हणजे मधला कमिशनवाला लागत नाही. फंडातले पैसे खालीही जातात, म्हणून सात-आठ वर्षं लागणार नाहीत असेच तिथे घाला. बँक, पीएफ, फंड, सगळीकडे नॉमिनी भरा.

नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदारांना त्यावर ७५,००० ची प्रमाणित वजावटही मिळते. तरी विवरणपत्र भरा, सहसा ३१ जुलैच्या आत. ठेवीच्या व्याजावर किंवा कशावर कर कापला गेला असेल तर तोच परत मिळवायचा मार्ग आहे, आणि पुढे कर्ज, व्हिसा यांना ते कागद लागतात.

१२. नोकरी आणि खोली सोडताना

नोकरी बदलली की पीएफ काढू नका, नव्या कंपनीकडे हस्तांतरित करा. यूएएन तोच राहतो. अनुभवपत्र, शेवटची चिठ्ठी आणि फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) हातात घेतल्याशिवाय समाधान मानू नका. पगार यायचा थांबला की शून्य शिलकीचं पगारखातं काही महिन्यांनी साधं बचत खातं होतं आणि किमान शिलक नसेल तर दंड लागू शकतो. ते बंद करा किंवा बँकेला सांगून मूलभूत बचत खात्यात बदलून घ्या.

खोलीची सूचना व्हॉट्सॲपवर लेखी द्या, करारात असेल तितके दिवस आधी. शेवटच्या महिन्याचं भाडं अनामतीतून वळतं करायचं का हे मालकाला विचारूनच ठरवा. निघायच्या दिवशी खोली झाडून, भिंतीचे खिळे काढून, मालकाला बोलवा आणि पहिल्या दिवशीचे फोटो समोर ठेवा. मी खोली सोडली तेव्हा घरमालकीणबाईंनी पुन्हा टॉर्च आणला. आम्ही दोघींनी जिन्याखाली वाकून मीटर वाचला, त्यांनी वहीत आकडा लिहिला, शेवटच्या बिलाचे ४१० रुपये वजा केले आणि बाकीची अनामत माझ्यासमोर मोजून हातात दिली.